जुन्या फियाटचा जमाखर्च

मध्यमवर्गीय माणसाच्या मनात मोटार घेण्याचा विचार आला म्हणजे तो प्रथम नव्या मोटारींच्या किमती विचारतो. मग घरी येऊन बँकेचे पासबुक उघडतो. पासबुक मिटले, की तो जुन्या मोटारीची चौकशी करू लागतो. आमच्या घरात हा क्रम दोनदा घडला. एकदा १९८६ साली, मी जुनी प्रीमिअर पद्मिनी घेतली तेव्हा. आणि दुसऱ्यांदा २०१९ साली, आमच्या मुलीने जुनी डिझायर घेतली तेव्हा. दोहोंत तेहतीस वर्षांचे अंतर. तेवढ्या काळात पेठांतले वाडे पडून इमारती झाल्या, सायकलींचे पुणे स्कूटरींचे आणि स्कूटरींचे पुणे मोटारींचे झाले. पण जुनी मोटार दारात आली, की शेजारीपाजारी जो प्रश्न विचारतात तो मात्र बदलला नाही : "केवढ्याला पडली?"

या प्रश्नाचे उत्तर खरेदीच्या दिवशी कोणालाच देता येत नाही, असा माझा अनुभव आहे. मला ते सतरा वर्षांनी देता आले, आणि तेही आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्या दिवसापासून हिशेबाची वही घातली होती म्हणून. दिवाळीच्या सुमारास पुष्कळ घरांत मोटारीचे बेत चालतात. अशा मंडळींना उपयोग व्हावा म्हणून ती वही येथे थोडी उघडून दाखवतो.

मोटारीची गरज का पडली?

आम्ही तेव्हा सदाशिव पेठेत एका वाड्यात राहत होतो. दोन खोल्या, पुढे ओसरी आणि ओसरीला टेकून उभी असलेली स्कूटर, असा आमचा संसार. १९८५ च्या पावसाळ्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची डावी बाजू गेली. वाचा शाबूत राहिली, डोके शाबूत राहिले. हातपाय मात्र ऐकेनात. आठवड्यातून दोनदा व्यायामाच्या उपचारासाठी तिला न्यावे लागे. स्कूटरचा प्रश्नच नव्हता. रिक्षात बसवायचे म्हणजे तिला वाकवून, उचलून, आत लोटावे लागे, आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ती माझा दंड घट्ट धरी. एकदा परत आल्यावर ती म्हणाली, "अरे, बरी नाही झाले तरी चालेल, पण हे रिक्षाचं पुरे कर." त्या रात्री सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, जुनी का होईना, आपण मोटार बघू या."

माझा पगार हातात दोन हजारांच्या आतबाहेर येत असे. सौभाग्यवती शाळेत शिकवीत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली होती. तिची किंमत पन्नास हजारांच्या घरात, आणि पैसे भरूनही नंबर लागेपर्यंत थांबायचे. नवी पद्मिनी तर आमच्या आवाक्याबाहेरच होती. प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून आणि सौभाग्यवतींची ठेव मोडून पस्तीस हजार उभे राहत होते. पस्तीस हजारांत येणारी गोष्ट म्हणजे दहा वर्षे वापरलेली फियाट.

नाव पद्मिनी, लोकांच्या तोंडी फियाट

या गाडीची कुळकथा आपल्या महाराष्ट्राशी जवळून निगडित आहे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी जहाजे काढली, विमानांचा कारखाना काढला, आपल्या पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवले. १९४४ साली त्यांनी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. आरंभी तेथे अमेरिकन गाड्यांची जुळणी होई. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाले आणि १९५४ च्या सुमारास फियाट ११०० ही गाडी आपल्याकडे तयार होऊ लागली. १९५३ साली वालचंद निवर्तले होते; ही गाडी घरोघरी पोचलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

१९६४ साली तिचे 'डिलाइट' हे रूप आले. १९७० नंतर फियाटशी असलेला करार संपला, तेव्हा गाडीला आधी 'प्रेसिडेंट' आणि १९७४ च्या सुमारास चितोडच्या राणीवरून 'पद्मिनी' असे नाव मिळाले. पण लोकांनी तिला फियाटच म्हटले. अंगावर प्रीमिअरचे चिन्ह, कागदावर पद्मिनी आणि तोंडी फियाट, अशी तिची तीन नावे होती.

इंजिन १,०८९ सीसीचे, चार सिलिंडरांचे. गिअरचा दांडा खाली नव्हे, तर स्टिअरिंगच्या खांबाला. पुढे एकच सलग बैठक. सलग बैठकीची ही गोष्ट वाचकांना किरकोळ वाटेल. आम्हाला तीच मोलाची ठरली. आईला डाव्या दाराशी पाठमोरी टेकवायची, मग मी उजव्या दाराने आत शिरून तिच्या काखेत हात घालून तिला अलगद सरकवून घ्यायचे. मध्ये ना गिअरचा दांडा, ना दोन आसनांमधली फट. सौभाग्यवती बाहेरून पाय उचलून आत ठेवीत. दोन मिनिटांत आई बसे, आणि कोणालाही तिला उचलावे लागत नसे. पुढे मी पुष्कळ महागड्या गाड्या पाहिल्या. पण आजारी माणसाला बसवायला त्या फियाटइतकी सोयीची दुसरी पाहिली नाही.

एक गोष्ट आजच्या तरुणांना खरी वाटणार नाही. त्या काळाच्या आधी अशी वर्षे होऊन गेली, की नवी फियाट मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि नुकतीच हाती आलेली गाडी कोणी विकायला काढली, तर तिला कारखान्याच्या किमतीहून जास्त पैसे मिळत. म्हणजे वापरलेली वस्तू नवीपेक्षा महाग! मारुती आल्यावर हे बदलले. जुन्या फियाटच्या किमती उतरल्या, आणि आमच्यासारख्यांचा हात तेथवर पोचला.

विकणारा काय सांगतो आणि गाडी काय सांगते

नाना पेठेत एका बोळात आमच्या माहितीचे एक मिस्त्री होते. वयाने माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, शिक्षण चौथी, आणि फियाटचे इंजिन डोळे मिटून उघडून जोडतील असा हात. गाडी पाहायला तुम्ही बरोबर या, अशी मी त्यांना गळ घातली. ते म्हणाले, "साहेब, येतो. पण सकाळी जायचं, अन् मालकाला सांगून ठेवायचं की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. तापलेलं इंजिन खोटं बोलतं."

आम्ही चार गाड्या पाहिल्या. पहिल्या ठिकाणी पोचताच मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. बॉनेट गरम होते. आम्ही चहा घेऊन परतलो. दुसरी गाडी लगेच सुरू झाली. पण मागून निळा धूर आला. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे, रिंगा झिजल्या आहेत. काळा धूर असेल तर पेट्रोल प्रमाणाबाहेर जाते, आणि पांढरी वाफ थांबतच नसेल तर पाणी सिलिंडरात शिरते आहे, असे समजावे. हे तीन रंग मला त्या दिवशी पाठ झाले. तिसरी गाडी रंगाने अशी चकचकीत, की सौभाग्यवतींना ती पाहताक्षणी आवडली. मिस्त्रींनी खिशातून लोहचुंबकाचा तुकडा काढला आणि दाराच्या खालच्या कडेवर फिरवला. वर चिकटणारा चुंबक खाली येताच गळून पडू लागला. "वहिनी, इथं पत्रा नाही, लांबी आहे," ते म्हणाले. सडलेल्या पत्र्यावर लांबी भरून वर रंग दिला होता.

चौथी गाडी एका निवृत्त डॉक्टरांची. १९७६ सालची, फिक्या राखी रंगाची, एक दिवा थोडा तिरपा. मिस्त्रींनी पायाखालचे रबर उचलून लादी पाहिली. एका कोपऱ्यात गंज होता, पण भोक नव्हते. इंजिन चालू ठेवून तेलाचे झाकण काढले आणि वर तळहात धरला; फुंकर लागली नाही. मग कात्रजच्या घाटात नेऊन आणली. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी थोडी कुरकुरली, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "क्लच प्लेट जाणार. सहा महिन्यांत. तेवढे पैसे कमी करून मागा." डॉक्टरांनी छत्तीस सांगितले होते, चौतीस हजारांवर सौदा झाला. क्लच प्लेट बरोबर पाचव्या महिन्यात गेली. मला त्याचे दुःख झाले नाही. खर्च कधी येणार हे आधी ठाऊक असले म्हणजे तो अर्धा झाल्यासारखा वाटतो.

डॉक्टरांनी किल्लीबरोबर एक पातळशी वही दिली. तेल केव्हा बदलले, बॅटरी केव्हा घेतली, कोणता टायर कधी टाकला, सारे त्यांच्या हातचे. मिस्त्री ती चाळून म्हणाले, "साहेब, दोन हजार या वहीचे झाले." आमच्या सौभाग्यवतींनी दुसऱ्या दिवशी तीच वही पुढे चालू केली.

खंबाटकीच्या घाटात

गाडी वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत येण्याचा प्रश्नच नव्हता. ती बोळाच्या तोंडाशी उभी राही. समोरच्या घरमालकांनी आठ दिवसांत 'येथे वाहन लावल्यास हवा सोडण्यात येईल' अशी पाटी लावली. पंधरा दिवसांनी त्यांच्याच सुनेला रात्री दवाखान्यात न्यावे लागले आणि आमची फियाट कामाला आली. पाटी राहिली, पण हवा कधी सुटली नाही.

आईचे उपचार नियमित होऊ लागले. उजव्या हाताने काठी धरून ती ओसरीपर्यंत येऊ लागली. १९८७ च्या मे महिन्यात तिने इच्छा सांगितली : वाईला माहेरचे घर आहे, ढोल्या गणपती आहे, एकदा कृष्णेचा घाट पाहायचा आहे. मी मिस्त्रींना विचारले. ते म्हणाले, "जा की. फक्त एक जुनं धोतर अन् पाण्याचा डबा घ्या." धोतर कशाला, हे त्यांनी सांगितले नाही.

ते खंबाटकीच्या घाटात कळले. ऊन मी म्हणत होते, पुढे मालट्रकांची रांग, आणि चढ अर्धा झाल्यावर फियाट दोन आचके देऊन थांबली. स्टार्टर फिरे, इंजिन काही पेट घेईना. त्याचे कारण असे : या गाडीत टाकीतले पेट्रोल खेचून आणणारा छोटा पंप इंजिनालाच लावलेला असतो. इंजिन फार तापले, की पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला द्रव खेचता येतो, वाफ खेचता येत नाही. म्हणून इंजिन उपाशी राहते. त्यावर उपाय एकच, पंप थंड करणे. मिस्त्रींचे धोतर फाडून, भिजवून मी पंपावर गुंडाळले आणि आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो. आईने पिशवीतून चिवड्याचा डबा काढला. शेजारी एक मुंबईची फियाट त्याच दुखण्याने उभी होती. तिच्यातल्या मंडळींनाही चिवडा गेला आणि आमच्या धोतराचा अर्धा तुकडाही गेला. वीस मिनिटांनी दोन्ही गाड्या सुरू झाल्या.

संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांशी गाडी उभी करून, पुढच्या बैठकीवर बसूनच आईने नदी पाहिली. पायऱ्या उतरणे तिला शक्य नव्हते. दार उघडे ठेवून ती तासभर बसली होती. माहेरची दोन माणसे येऊन पायरीवर बसली, आणि त्यांच्या गप्पा दिवेलागणीपर्यंत चालल्या. आई १९९४ साली गेली. त्या आठ वर्षांत ती सहा वेळा वाईला जाऊन आली. हा आकडा वहीत आहे. त्याच्यापुढे रुपयांचा रकाना मात्र सौभाग्यवतींनी कोरा ठेवला आहे.

वही काय म्हणते

आता रुपयांच्या रकान्याकडे वळू. गाडी सतरा वर्षे आमच्याकडे होती. पेट्रोल, विमा आणि कर सोडून, नुसत्या दुरुस्तीला व सुट्या भागांना एकंदर ६८,४०० रुपये लागले. म्हणजे खरेदीच्या किमतीच्या दुपटीहून चारशे रुपये अधिक. २००३ साली ती चौदा हजारांना विकली. चौतीस हजार खरेदी, त्यात ६८,४०० मिळवायचे आणि चौदा हजार वजा करायचे : ८८,४०० रुपये. सतराने भागले तर वर्षाला ५,२०० रुपये पडले. "केवढ्याला पडली?" याचे खरे उत्तर हे.

पण हा खर्च सतरा वर्षांत सारखा पसरलेला नाही, आणि खरे शिकण्यासारखे आहे ते यातच. पहिल्या दोन वर्षांत ९,६०० रुपये गेले. क्लच, ब्रेक, लादीचे पत्र्याचे काम, बॅटरी, टायर. जुनी गाडी घेणाऱ्याने हे गृहीतच धरावे. आधीच्या मालकाने पुढे ढकललेली सारी कामे नव्या मालकाच्या दारात एकदम येतात. म्हणून हाती असलेला सगळा पैसा खरेदीत घालू नये. चौथा हिस्सा राखून ठेवावा.

पुढची बारा वर्षे स्वस्ताईची गेली. एकूण ३३,८०० रुपये, म्हणजे वर्षाला सरासरी तीन हजारांच्याही आत. १९९२ साली इंजिन उतरवून बोअर केले, तो मोठा खर्चही यातच आला. एवढे स्वस्त कसे पडले? गाडी फार चांगली होती म्हणून नव्हे. पॉइंट जळत, कार्बुरेटरमध्ये कचरा अडके, पावसाळ्यात दारांतून पाणी येई, खांबावरचा गिअर मधूनच अडके. पण प्रत्येक दुखण्याचा वैद्य सायकलच्या अंतरावर होता. सुटा भाग नाना पेठेत मिळे. तेथे नसला तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात मिळे. मिस्त्री पॉइंटमधले अंतर पोस्टकार्डाच्या जाडीने लावून देत आणि त्याचे पाच रुपये घेत. शिवाय मुंबईत हजारो फियाट टॅक्सी धावत होत्या. त्यांच्यासाठी सुटे भाग बनत, आणि त्या ओघात आम्हालाही स्वस्तात मिळत.

शेवटच्या तीन वर्षांत मात्र २५,००० रुपये लागले. गाडी तीच होती, चालवणाराही तोच होता. बदलले होते ते आजूबाजूचे जग.

वैद्य दुर्मिळ झाले

२००० सालच्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. लोकांनी मारुती, सँट्रो, इंडिका घेतल्या. नाना पेठेतल्या दुकानांत फियाटच्या भागांची फळी एका कोपऱ्यात गेली, मग माळ्यावर गेली. मिस्त्रींच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. त्यांच्या मुलाने काम नीट सांभाळले. पण तो नव्या गाड्यांवर शिकलेला, आणि त्याच्याकडे गिऱ्हाईकही त्यांचेच. कार्बुरेटर उघडायचा म्हणजे तो वडिलांना घरून बोलावून घेई. पूर्वी दीड तासात होणाऱ्या कामासाठी गाडी आठ आठ दिवस उभी राहू लागली. ब्रेकचा एक भाग मुंबईहून मागवला, त्याला भागाच्या किमतीहून येण्याजाण्याचा खर्च जास्त पडला.

कायद्याचा भागही होताच. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, नंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून नूतनीकरण करावे लागते. १९९१ आणि १९९६ साली संगम पुलाजवळच्या आर. टी. ओ. कार्यालयात आमची फियाट पहिल्या फेरीतच उत्तीर्ण झाली. २००१ साली तिला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. तिसऱ्या फेरीनंतर मिस्त्री मला म्हणाले, "साहेब, गाडीला काही झालेलं नाही. पण आता तिच्यासाठी माणूस शोधावा लागतो. तुमचं वय शोधत फिरायचं नाही." २००३ साली एका हौशी गृहस्थांनी ती घेतली. त्यांचे स्वतःचे छोटे वर्कशॉप होते. म्हणजे वैद्य त्यांच्या घरातच होता. ती योग्य घरी गेली.

मुंबईतली शेवटची फियाट टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांतून बरेच हळहळीचे लेख आले. मला मात्र नाना पेठेतली ती माळ्यावर गेलेली फळी आठवली. गाडीचे मरण कारखाना बंद होण्याने येत नाही. तिला हात लावणारी माणसे पांगली म्हणजे येते.

मुलीची गाडी

मुलगी हिंजवडीला नोकरी करते. सहकारनगरहून जाऊन-येऊन रोजचे पंचेचाळीस किलोमीटर होतात. २०१९ च्या दिवाळीनंतर तिने जुनी मोटार घ्यायचे ठरवले आणि मला म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसते बरोबर चला, चुंबक मी घेते."

त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला होता. आमच्या भागातल्या कितीतरी मोटारी पाण्यात बुडाल्या, काही वाहून गेल्या. अशा गाड्या धुऊनपुसून, अत्तर मारून पुन्हा बाजारात येतात. मुलीने पाहिलेली पहिलीच गाडी तसली निघाली. आसनाचा पट्टा टोकापर्यंत बाहेर ओढला, तेव्हा शेवटच्या वितीवर वाळलेल्या चिखलाची रेघ दिसली. स्टेपनीचा खळगा, आसनाखालच्या लोखंडी पट्ट्या आणि गालिच्याची खालची बाजू, या जागा पुराची साक्ष लपवीत नाहीत. जुन्या फियाटमध्ये पाणी गेले तर ती वाळवता येत असे. आजच्या गाडीचा मेंदू विजेचा, तो एकदा भिजला की महिन्यांनी दगा देतो. म्हणून पुण्यात जुनी गाडी घेताना पट्टा ओढून पाहावाच.

दुसरी गाडी फारच कमी धावलेली होती, निदान आकडा तरी तसे सांगत होता. पण ब्रेकच्या पायट्यावरचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते. आकडा फिरवता येतो. रबर फिरवता येत नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. '३२१७' असे असेल, तर तो टायर २०१७ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. त्यावरूनही गाडीच्या वयाची आणि धावेची सांगड घालून पाहावी.

तिसरी डिझायर २०१४ सालची, बहात्तर हजार किलोमीटर धावलेली, एकाच मालकाची, आणि कंपनीच्या वर्कशॉपात प्रत्येक सर्व्हिसिंगची नोंद असलेली. म्हणजे डॉक्टरांची वही येथेही होती. फक्त आता ती संगणकात होती. चार लाख पंधरा हजारांना सौदा झाला. बॉनेट उघडल्यावर मला एक गंमत कळली : या गाडीचे १,२४८ सीसीचे डिझेल इंजिन मुळात फियाटचे! मारुतीने ते परवान्यावर बनवले, आणि आपल्या पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यातही तीच इंजिने तयार झाली. घरात पुन्हा फियाट आली म्हणून मी पेढे वाटले. सौभाग्यवतींनी पेढ्यांचा खर्च वहीत मांडला.

एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. तेव्हा मुलगी धास्तावली. मी तिला कारखान्याकडे पाहू नकोस, गल्लीकडे पाहा, असे सांगितले. ते इंजिन एकट्या मारुतीने नव्हे, इतर कंपन्यांनीही पुष्कळ गाड्यांत बसवले आहे. त्यावर हात बसलेली माणसे पुण्यात आज प्रत्येक भागात आहेत. ती जोवर आहेत, तोवर काळजी नाही. मात्र २०२९ साली गाडीला पंधरा वर्षे होतील. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाची फी सहाशे रुपयांवरून पाच हजार झाली, आणि जुन्या गाड्यांसंबंधीचे नियम कडकच होत चालले आहेत. तेव्हा तिने गाडी केव्हा सोडायची याचा अंदाज आजच वहीत लिहून ठेवला आहे.

कागद आणि शेवटचे दोन शब्द

कागदांविषयी थोडक्यात. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि ३५ क्रमांकाचा फॉर्म हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. मालकी बदलण्यासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म लागतात. चेसिसचा क्रमांक कागदाशी ताडून पाहावा. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घेण्यासाठी कळवावे. विकणाऱ्यानेही बेफिकीर राहू नये. सरकारदप्तरी ज्याचे नाव मालक म्हणून आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, मग गाडी त्याने विकलेली का असेना, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. तेव्हा किल्ली दिली म्हणजे सुटलो असे नव्हे. नाव उतरेपर्यंत पाठपुरावा करावा.

आणि ज्यांच्या घरी या दिवाळीत जुन्या मोटारीचा बेत चालला असेल, त्यांना एवढेच सांगणे : गाडी निवडण्याआधी मिस्त्री निवडा. तुमच्या घरापासून दोन मैलांत कोणत्या गाडीची कामे रोज होतात, तिचे भाग कोणाच्या पुढच्याच फळीवर असतात, हे हिंडून पाहा. आणि त्यांतलीच एक घ्या, मग ती थोडी कमी देखणी असली तरी चालेल. हातातल्या पैशाचा चौथा हिस्सा मागे ठेवा. पहिल्या दिवशी एक साधी दोनशेपानी वही आणा. खर्च मांडा, आणि कोणाला कोठे नेले तेही मांडा. दहा वर्षांनी ती उघडाल, तेव्हा दुसराच रकाना आधी वाचाल.